पाखऱ्याची वही

16 डिसेंबर 2024
पाखऱ्या, आमचा नवा घोडा, आज पहाटे अडीचला घरी उतरला. सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून फलटण तालुक्यापर्यंत टेम्पोत चौदा तास. वाटेत तीनदा थांबून पाणी दाखवलं, एकदाच प्यायला. उतरताना फळीवर पाय ठेवेना, मग एकदम उडीच मारली आणि दोरीसकट ह्यांना अंगणभर ओढत नेलं.

दत्तजयंतीच्या दिवशी एकमुखी दत्ताचं दर्शन घेतलं आणि बाजारात शिरलो. दोन तास नुसते फिरलो. पांढरे नुकरे, काठेवाडी, मारवाडी, रांगाच्या रांगा. हा एका कडेला खुंट्याला बांधलेला, मान वर करून सारखा खिंकाळत होता. कुमैत म्हणजे गडद तांबूस रंग, चारही पाय पांढरे, कपाळावर पट्टा. पंचकल्याणी. कानांची टोकं एकमेकांना टेकतात. उंची 57 इंच. व्यापारी म्हणाला तीन वर्षांचा आहे, एक लाख पंधरा हजाराला सौदा झाला. ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाच्या रक्ततपासणीचा दाखला मागून घेतला, तो नीट फाइलला लावला आहे.

आमच्या घरात शेवटचा घोडा आबांच्या लहानपणी होता. सरकारी घोड्यावर बसतो तो बारगीर आणि स्वतःचा घोडा आणतो तो शिलेदार, हे आबांनी मला लग्न होऊन आल्यावर पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. आज काठी टेकत गोठ्यापर्यंत आले, बराच वेळ बघत उभे राहिले. म्हणाले, "डाळिंबाच्या फवारणीची वही ठेवतेस तशी याचीपण ठेव." म्हणून ही वही.

18 डिसेंबर
गाईंच्या गोठ्याच्या टोकाला जागा केली आहे. खाणं: सकाळी दीड किलो भिजवलेला हरभरा, संध्याकाळी दीड किलो, शिवाय गव्हाचा कोंडा आणि लसूणघास. बाजारातून आलेला आहे, अंग भरू दे, असं सगळ्यांचं मत. दिवसभर दाव्याला. संध्याकाळी अर्धा तास मी फिरवते. खरं तर तोच मला फिरवतो.

21 डिसेंबर
हाताने गूळ देते. फार आवडतो. माझा आवाज आला की हाक मारतो.

24 डिसेंबर
जनावरांचे डॉक्टर येऊन धनुर्वाताची पहिली लस देऊन गेले. दुसरी महिन्याने. घोड्याला धनुर्वात इतर जनावरांपेक्षा लवकर होतो, खुराला खिळा लागायचं निमित्त पुरतं. त्यांनी एक गोष्ट बजावून सांगितली, ती इथे ठळक लिहिते: गाईंचं पेंड-खाद्य घोड्याला घालायचं नाही. काही पशुखाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध असतं. गाईला ते चालतं, घोड्याच्या हृदयावर थोड्या मात्रेतही जीवघेणा परिणाम करतं. खाद्याची पोती गोठ्यातून हलवून घरात ठेवली.

सुई टोचताना चौघांनी धरला तरी दोघांना भिंतीवर दाबलं.

29 डिसेंबर
उजव्या हाताला बँडेज आहे, डाव्या हाताने लिहिते आहे.

संध्याकाळी कॅनॉलच्या रस्त्याने नेत होते. दोर निसटू नये म्हणून तळहाताला दोन वेढे घेतले होते. मागून मोटारसायकल आली, हॉर्न वाजला आणि पाखऱ्या सुटला. वेढे आवळले गेले. मी पंधरा-वीस पावलं फरपटत गेले, मग दोर सुटला. सोबत तळहाताची कातडी गेली, करंगळीचं हाड मोडलं. तो पुढे उसाच्या कडेला उभा राहून गवत खात होता, मी जवळ गेले तर शांतपणे माझ्याकडे बघितलं. त्याच्या मनात काहीच नव्हतं. घाबरला, पळाला, भीती गेली, खायला लागला.

बँडेज बांधताना डॉक्टरांनी विचारलं, दोर हाताला गुंडाळला होता का? प्रत्येक घोडेवाल्याला हे ठाऊक असतं म्हणाले. मला ठाऊक नव्हतं.

3 जानेवारी 2025
आज ह्यांना लाथ बसली. हे बादली घेऊन मागच्या बाजूने गेले, आवाज न देता. दोन्ही पायांची दुगाणी. एक बादलीवर, एक मांडीवर. हाड वाचलं, पण मांडी वांग्यासारखी काळीनिळी झाली आहे. रात्री जेवताना कोणी बोललं नाही. मग हेच म्हणाले, "परत पाठवायचा असेल तर आत्ताच ठरव." सासूबाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मला झोप लागली नाही. अडीच आठवड्यांत जनावर बिघडलं, की आम्ही बिघडवलं?

6 जानेवारी
शेजारच्या गावात एक चाचा राहतात. आयुष्य पागेत गेलेलं, पुण्यात शर्यतीचे घोडे सांभाळले, तरुणपणी चाबूकस्वारी, म्हणजे घोडे शिकवायचं काम केलं. आता सत्तरी ओलांडली आहे. गुडघे दुखतात म्हणून येत नाही म्हणाले, आणि संध्याकाळी आले.

आधी घोड्याजवळ गेलेच नाहीत. लांब बाकड्यावर बसून तासभर नुसतं बघितलं. मी फिरवून दाखवला, पाणी पाजलं, गूळ दिला. गुळानंतर पाखऱ्याने नेहमीसारखा माझ्या बाहीला दाताने ओढा दिला. मी नेहमीसारखी मागे सरले.

"ताई, हे तुम्ही त्याला रोज शिकवता."

काय शिकवते?

"चावलं की माणूस मागे जातो, हे."

मग त्यांनी उठून तोंड उघडलं. खालचा ओठ बोटाने खाली घेऊन मला दात दाखवले. सगळे बारीक, पांढरे, हिरडीपाशी आवळलेले. दुधाचे. मधले दोन पक्के दात साधारण अडीच वर्षांचा झाला की येतात, त्यांच्या शेजारचे साडेतीनला, कडेचे साडेचारला. "अदंत आहे. तीन वर्षांचा कुठला? अजून अडीच पुरी व्हायची आहेत. पोर आहे हे." बाजारात मी तोंड उघडून बघितलंच नव्हतं. अंगावरचे केसांचे भोवरे, ज्यांवरून शुभ-अशुभ ठरवतात, ते मात्र सगळे बघितले होते. गळ्याजवळ देवमण नावाचा भोवरा आहे, डोळ्याखाली भोवरा नाही, सगळं शुभ.

चाचांनी जाताना तीन गोष्टी ठरवून दिल्या. हरभरा बंद. दिवसभर बांधायचं बंद. गूळ हातातून बंद. आणि अडीच वर्षांच्या आतल्या पोरावर जीन चढवायचा विचारसुद्धा नको, पाठीची हाडं पक्की व्हायला पाच-सहा वर्षं लागतात.

7 जानेवारी
खाण्याचा हिशोब नव्याने. घोड्याचं पोट लहान असतं, आठ ते पंधरा लिटरचं. रानात असतो तेव्हा दिवसाचे पंधरा-सोळा तास थोडं थोडं चरतो. आम्ही दोन वेळा दाणा घालून बाकीचा वेळ रिकामा बांधत होतो. म्हणजे पोटात आग, अंगात दाणा आणि पायाला दावं. लाथ मारणार नाही तर काय करेल? आता वाळलेलं गवत दिवसातून पाच वेळा, वजनाच्या दोन टक्क्यांच्या आसपास, थोडा लसूणघास, मिठाचा खडा, पाणी कायम समोर. दाणा अर्धा किलो, तोही फक्त मीठ-खनिज मिसळायला म्हणून.

14 जानेवारी
संक्रांत. वजनकाटा कुठे मिळणार, म्हणून टेपने काढलं. छातीचा घेर 158 सेंटीमीटर, खांद्यापासून पुठ्ठ्याच्या हाडापर्यंत लांबी 146. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 11,880. उत्तर आलं 307 किलो. जंताचं औषध याच आकड्यावर दिलं. आधी अंदाजाने "चारशे धरा" म्हणत होतो.

बाभळीखाली लाकडी वासे आणि जाड दोर वापरून तीस फूट बाय चाळीस फुटांचा मोकळा कोंडवाडा केला. काटेरी तार मुद्दाम लावली नाही. पाखऱ्याला आत सोडल्यावर वीस मिनिटं चौखूर उधळला, लोळला, परत उधळला. मग उभा राहून फुरफुरला आणि गवताकडे गेला. इतका वेळ तो हेच मागत होता.

15 ते 30 जानेवारी
रोजचा एकच धडा, पण तो मला शिकायला पंधरा दिवस लागले. इथे सविस्तर लिहिते, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

दोर ओढून घोडा चालत नाही. तीनशे किलोला साठ किलोची बाई ओढणार कुठून? चाचा म्हणतात, घोडा ओढण्याने शिकत नाही, सोडण्याने शिकतो. दोराला हलका, सारखा ताण द्यायचा. झटका नाही. तो मान वर करेल, मागे रेटेल, कडेला फिरेल, ताण तेवढाच ठेवायचा. ज्या क्षणी एक पाऊल पुढे पडतं, त्या क्षणी दोर ढिला. लगेच. पाऊल जमिनीला टेकायच्या आत.

मी काय करत होते? ताण द्यायची, तो डोकं झटकायचा, मी घाबरून सोडायची. म्हणजे डोकं झटकलं की त्रास थांबतो. त्याने अगदी बरोबर धडा घेतला होता, फक्त मी तो देते आहे हे मला कळत नव्हतं. चावण्याचं तेच. खुराला हात लावला की पाय हिसकायचा, मी सोडून द्यायची. तेही तेच.

चाचा बाकड्यावरून नुसतं "सोडा" म्हणायचे. "सोडा... उशीर. सोडा... उशीर." पहिले तीन दिवस मी प्रत्येक वेळी उशिरा होते. चौथ्या दिवशी एकदा त्यांच्या आवाजाआधी माझा हात ढिला पडला. पाखऱ्या थांबला, मान खाली घेतली आणि जीभ बाहेर काढून तोंड चघळल्यासारखं केलं. चाचा काहीच बोलले नाहीत, पानाचा डबा काढला.

दोर आता हातात घडी घालून धरते, वेढा घेत नाही. जवळ जाताना खांद्याच्या बाजूने, आधी आवाज देऊन. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, पण नाकासमोरचं अगदी जवळचं आणि शेपटीमागचं दिसत नाही. ह्यांनी गोठ्याच्या खांबावर खडूने लिहिलं आहे: "आवाज द्या."

चाव्यासाठी उपाय साधा. तोंड माझ्याकडे आलं की मी मागे सरत नाही, कोपर बाहेर काढून उभी राहते. तो स्वतः येऊन कोपरावर आपटतो. रागावणं नाही, मारणं नाही. दहा दिवसांत बाही वाचली.

22 जानेवारी
(मधली नोंद राहिली.) धनुर्वाताची दुसरी लस. या वेळी दोघांनी धरला.

2 फेब्रुवारी
गव्हाणीत दात सापडला. दुधाचा, करंगळीच्या नखाएवढा, मुळाशी झिजलेला. ओठ खाली करून बघितलं तर मध्ये पिवळसर रुंद दाताची कड वर आली आहे. म्हणजे चाचांचा हिशोब खरा, अडीच वर्षं आत्ता भरली. दात आबांना दिला. त्यांनी तो देव्हाऱ्याशेजारच्या डबीत ठेवला.

5 फेब्रुवारी
खच्ची करायचा की नाही, यावर घरात आठवडाभर चर्चा. शेजारच्या वस्तीवर कोणाची घोडी आली की पाखऱ्या कोंडवाड्याचे वासे छातीने रेटतो. परवा एक वासा मोडला. नर ठेवायचा तर त्याला स्वतंत्र पागा, उंच कुंपण, अनुभवी हात हवेत. आमच्याकडे यातलं काही नाही. पुतण्या बारा वर्षांचा आहे, दिवसभर त्याच्या अवतीभोवती असतो.

बाहेरचे लोक म्हणतात, खच्ची केला की घोड्याचं पाणी जातं. चाचांनी एका वाक्यात मिटवलं: "शर्यतीत खच्ची घोडे धावतात ताई, पाणी पायात असतं." आबा गप्प होते, शेवटी म्हणाले, "पोराला इजा होण्यापेक्षा बरं." ठरलं. उन्हाळ्याआधी, माश्या वाढायच्या आत.

11 फेब्रुवारी
डॉक्टरांनी सकाळी थंडीतच केलं. भूल देऊन आडवा पाडला, डोक्याखाली गोणपाट, डोळ्यांवर टॉवेल. पंचवीस मिनिटं. मी डोक्याशी बसले होते. कानाच्या मुळाशी हात ठेवला होता, तिथे नाडी लागते. जखम शिवत नाहीत, आतलं पाणी वाहून जावं म्हणून उघडी ठेवतात. हे मला आधी माहीत नसतं तर घाबरले असते.

उठताना दोनदा कोलमडला. तिसऱ्यांदा उभा राहिला.

12 ते 22 फेब्रुवारी
दुसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ चालवायचं, नाहीतर सूज साचते. चौथ्या दिवशी सूज वाढली, डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. ताप रोज बघितला, 38.1 ते 38.4. साडेअडतीसपर्यंत चालतो. दहाव्या दिवशी सूज उतरली. पण आणखी सहा-आठ आठवडे घोडीजवळ सोडायचा नाही, तोवर नर म्हणूनच धरायचा.

9 मार्च
लग्नसराई. आज तिसरा माणूस विचारून गेला, वरातीला देता का? पंचकल्याणी आहे, शोभेल, नाचायला शिकवून आम्हीच घेऊ, एका रात्रीचे चांगले पैसे. माझ्याकडे खतांचं बिल थकलेलं आहे, त्यामुळे मी क्षणभर विचार केला हे खोटं कशाला सांगू. मग तो म्हणाला, खुंट्याला ताणून बांधायचा, पायावर काठी, आठ दिवसांत पाय उचलतो. मी नाही म्हटलं. अडीच वर्षांच्या पोराला डीजेच्या भिंतीसमोर, रात्री बारापर्यंत, पाठीवर माणूस घेऊन उभं करायचं? मला हे बघवत नाही, कधीच बघवलं नाही, आणि आता दोर माझ्या हातात आहे.

14 एप्रिल
चाचांनी त्यांची म्हातारी घोडी आणून दिली, राणी. उन्हाळाभर इथे राहील. घोडा कळपातलं जनावर आहे, चार महिने त्याला फक्त गाई आणि माणसं दिसत होती.

पहिल्या दिवशी पाखऱ्या माणसांशी खेळतो तसा तिच्याशी खेळायला गेला, मानेला दात लावला. राणीने कान मागे पाडले. त्याला कळलं नाही. तिने डोकं फिरवलं, त्याला तेही कळलं नाही. मग एक लाथ, अगदी मोजून, छातीवर. तो दहा फूट लांब जाऊन उभा राहिला. तासाभराने मान खाली घालून, शिंगरासारखं तोंड मिटत-उघडत परत आला आणि तिच्यापासून थोड्या अंतरावर गवताला लागला. तिने येऊ दिलं.

मी हे कुंपणाबाहेरून सगळं बघितलं. कान, मग डोकं, मग पाय. तिने आधी दोनदा सांगितलं, मगच मारलं. आणि तो मागे सरताच तिने कान पुढे घेतले, राग धरला नाही. चाचा "सोडा" म्हणतात ते हेच.

22 एप्रिल
आज पाखऱ्या जाता जाता वाचला.

हिरवा चारा संपत आला म्हणून दोन दिवस उसाचं वाढं आणि कोरडा कडबा घातला होता, एकदम बदल करून. त्यात ऊन 41 अंश आणि हौदातलं पाणी तापून कोमट झालेलं, तो पीत नव्हता. दुपारी तीनला पुतण्या पळत आला: पाखऱ्या खाली पडतो आणि उठतो. जाऊन बघितलं तर मान वळवून स्वतःच्या पोटाकडे बघत होता, पुढच्या पायाने जमीन उकरत होता, अंगावर घामाचे पट्टे. सकाळपासून लीद नाही. पोटाला कान लावला, एरवी गुडगुड असते, आज काही नाही.

घोड्याला उलटी होत नाही. आत गेलेलं फक्त पुढेच जातं, आणि कुठे अडलं की पोटशूळ. डॉक्टर सव्वा तासाने आले. तोवर लोळू दिलं नाही, हळूहळू चालवत राहिले. वेदनेचं इंजेक्शन, नाकातून नळी, नळीतून पाणी आणि पॅराफिन तेल. नळी जाताना पाखऱ्या थरथरत उभा राहिला, डोकं झटकलं नाही. जानेवारीत हे करता आलं नसतं, चौघांना भिंतीवर दाबलं असतं.

रात्री पावणेदोनला लीद टाकली. मी आणि हे दोघं कंदील घेऊन बसलो होतो. ह्यांनी ती लीद हातात घेऊन फोडून बघितली, ओली आहे म्हणाले, आणि मग आम्ही दोघंही रडलो.

वहीत मोठ्या अक्षरात: चारा बदलायचा तर आठ-दहा दिवसांत, थोडा थोडा. उन्हाळ्यात पाणी माठासारखं गार, सावलीत, दिवसातून चारदा बदलून.

26 मे
मे महिन्यातच पाऊस फुटला. तीन दिवस ओढा दुथडी, कोंडवाड्यात चिखल. पाखऱ्या तीन दिवस गोठ्यात. चौथ्या दिवशी बाहेर काढला तर जानेवारीतला पाखऱ्या. उभा राहिना, माझ्याभोवती गरगर फिरला, एकदा मागच्या दोन पायांवर उभा राहिला. मला वाटलं सगळं शिकवलेलं वाहून गेलं. पण दोर हातात ढिला होता, तो त्याने ओढून नेला नाही. दाणा आज शून्य केला. काम नाही त्या दिवशी दाणा नाही, हे पाळायचं होतं, मी विसरले होते.

2 जुलै
गेल्या आठवड्यात पालखी आपल्या भागातून गेली. चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण बघायला आबांना घेऊन गेले होते. दर वर्षी जाते. पण आजवर मी धाव बघायची, दोन्ही बाजूंना वारकरी, मधून अश्व रथापर्यंत जातात आणि परत येतात तेवढंच. या वर्षी धावेच्या आधीचं बघितलं. अंकलीहून आलेले माउलींचे अश्व उभे. चारी बाजूंनी माणसं वाकतात, पायांना हात लावतात, खुराखालची माती कपाळाला लावतात, टाळ-मृदंगांचा कल्लोळ, लहान मुलं पोटाखालून निघतात. ज्या अश्वावर माउली बसतात म्हणून कोणी बसत नाही, तो मोकळ्या पाठीने उभा होता. मी त्याच्या दोराकडे बघितलं. दोर ढिला होता.

आबा म्हणाले, "काय बघतेस?" मी सांगितलं. त्यांनी डोळे पुसले, विठ्ठल विठ्ठल म्हणाले.

18 जुलै
खुरांना वास येतो आहे. ओलीत उभं राहून तळव्याचा मधला त्रिकोणी भाग काळा, मऊ झाला. डॉक्टरांना दाखवलं, औषध चालू. रोज खूर साफ करून कोरडे पुसायचे, उभं राहायच्या जागेवर मुरूम टाकला. खुराची भिंत महिन्याला साधारण सेंटीमीटरभर वाढते, नालबंदाला बोलवायला हवं.

27 जुलै
नालबंद आले. जानेवारीत आलेले तेव्हा पुढचे दोन खूर कसेबसे तासले, मागच्या पायाला हात लावला नाही, "आधी जनावर सरळ करा, मग बोलवा" म्हणून निघून गेले होते. मला तेव्हा वाईट वाटलं होतं, पण त्यांचं बरोबर होतं. त्यांचा हात मोडला तर महिनाभर घर कसं चालणार?

मधल्या सहा महिन्यांत रोज दोन मिनिटं मागचे पाय. आधी नुसता हात पुठ्ठ्यावरून खाली, गुडघ्यापर्यंत, तो शांत असताना हात काढून घ्यायचा. मग घोट्यापर्यंत. मग चिमटीत घोटा, पाय हलका झाला की लगेच सोडायचा. मग एक सेकंद उचलून. मग पाच. आज नालबंदांनी डावा मागचा पाय मांडीवर घेतला, सुरी लावली, पांढरे पापुद्रे गळून पडायला लागले. पाखऱ्याने एकदा पाय ओढला. ते थांबले, पण सोडला नाही. तो ढिला पडला, मग त्यांनी सोडला. त्यांना कोणी शिकवलं नव्हतं, हातालाच माहीत होतं.

चारही पाय झाले. नाल ठोकले नाहीत, मऊ मातीत आहे तोवर गरज नाही म्हणाले.

30 ऑगस्ट
राणी परत गेली. दोन दिवस पाखऱ्या खिंकाळत होता. आता शेजारी शेळी बांधते, चालून जातंय.

2 ऑक्टोबर
दसरा. सकाळी नदीवर नेऊन धुतला, खरारा केला, आयाळ विंचरली. झेंडूची माळ घातली. सासूबाईंनी स्वतः ओवाळलं. जानेवारीनंतर पहिल्यांदा त्या त्याच्या इतक्या जवळ गेल्या. घंटा वाजली तेव्हा त्याचे कान ताठ झाले, नाकपुड्या फुगल्या. मी दोराला हात लावला नाही. घंटा थांबली, त्याने मान खाली घेतली आणि ताटातल्या आपट्याच्या पानांचा वास घेतला. सासूबाईंनी एक पान त्याच्या कपाळपट्टीत खोचलं. "सोनं घे रे," म्हणाल्या.

11 ऑक्टोबर
मोजमाप. घेर 165, लांबी 152. हिशोबाने 348 किलो. उंची 58 इंचांवर. वय तीन वर्षं आणि वर दोन-तीन महिने.

जीन फक्त अंगाला माहीत व्हावं म्हणून ठेवायला लागलो आहे. आधी गोणपाट, मग गोणपाटावर पोटाखालून सैल तंगाचा पट्टा, मग रिकामं जीन, पाय ठेवायच्या रिकिबी वर बांधून. तंग पहिल्याच वेळी आवळायचा नाही, एक भोक, दहा पावलं, दुसरं भोक. कोणी बसणार नाही. पुढच्या हिवाळ्यात चाचा सांगतील तेव्हा, तेही हलकं माणूस, डोक्याला हेल्मेट, दिवसाला दहा मिनिटं. पुतण्या रोज विचारतो, अजून किती? मी त्याला दात दाखवते. शेजारचे दोन अजून दुधाचे आहेत.

9 नोव्हेंबर
कॅनॉलचा रस्ता. करंगळी मोडली त्याच वळणावर आज संध्याकाळी गेलो, मी आणि पाखऱ्या. चाचा मागे सायकल धरून चालत होते. ऊसतोडीची ट्रॅक्टर-ट्रॉली समोरून आली, दोन ट्रॉल्या, वर मोठ्याने गाणी. तो थांबला. मान वर, कान पुढे, सगळं अंग ताणलेलं, कातडीखाली कंप दिसत होता. मी थांबले. ट्रॅक्टरवाल्या पोराने गाणं बंद केलं, हळू घेतलं. ट्रॉली शेजारून गेली, उसाची टिपरं त्याच्या पुठ्ठ्याला घासली. त्याने एक पाऊल टाकलं, माझ्याकडे, आणि थुंकी गिळल्यासारखा घसा हलवला.

मी हाताकडे बघितलं. दोर दोन बोटांत होता, मधला झोल जमिनीला टेकलेला, धुळीत.

मागून चाचांनी सायकलची घंटी वाजवली. "चला ताई, अंधार पडतोय."